रोजचं रनिंग

शोरूममधल्या पोरानं विचारलं,
‘काका, रोजचं रनिंग किती?’
आणि मला सांगता येईना.

चौदा वर्षं पिकअप आहे.
टायरचे नंबर तोंडपाठ,
दस्तगीर मेस्त्रीनं क्लचप्लेट कधी बदलली ते पाठ,
तिसऱ्या गियरला दांडी जरा डावीकडं दाबून धरायची,
हे तर हातालाच ठाऊक.
पण रोज किती पळते?
घरातल्या माणसाचं वजन विचारावं, तसं झालं.

मग आठवडाभर लिहून काढलं
जॉबकार्डाच्या पाठकोऱ्या बाजूला.
रविवार पेठेतनं राजारामपुरी, सन्मतीचा क्लास.
तिथनं उद्यमनगर, शटर वर.
दुपारी शिरोलीला, भट्टी लागली का बघायला,
नुसतं बघायलाच.
परतताना गंगावेशीत थांबून धारोष्ण दूध, उभ्या उभ्या.
सोमवारी एकतीस किलोमीटर. मंगळवारी एकतीस.
बुधवारी तेहतीस,
कारण शोभनाचा चष्मा दुरुस्तीला टाकला होता.

आणि हौद्यात काय होतं?
सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही.
डबा माझ्या शेजारी सीटवर,
चष्मा खिशात.
शनिवारी मात्र बीडाची कास्टिंगं, अकरा क्विंटल.
पाटे दबले, नाक जरासं वर झालं,
आणि पुलाच्या चढाला तिच्या आवाजात
त्या दिवशी तक्रार नव्हती.

म्हणजे महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस
मी दीड टनाच्या गाडीतून रिकामपण वाहतोय.
तेही डिझेल घालून.

टेस्ट ड्राइव्ह कावळा नाक्यापर्यंत.
बटण दाबलं. काहीच झालं नाही.
मागनं शोभना म्हणाली, ‘बंद पडली का हो?’
पोरगा हसला, ‘चालू आहे, काकी.’
सिग्नलला उभे राहिलो, तर
आमचं बोलणं आम्हालाच ऐकू यायला लागलं.
इतकी वर्षं गाडीत आम्ही ओरडूनच बोललो,
हळू आवाजात काय बोलायचं असतं, सुचेना.
ती म्हणाली, ‘एसी जरा कमी करा.’
एवढंच.
पण नीट ऐकू आलं.

रात्री तिनं दुसरंच काढलं.
‘तुमची गाडी मारुतीपाशी वळली
की मी तवा ठेवते.
ही कधी आली, कळणार कसं?
गार भाकरी खाणार असाल तर घ्या.’

सन्मतीनं मोबाइलवर हिशेब मांडला.
युनिटचा दर, बँकेचा हप्ता, वाचलेलं डिझेल,
सगळं छान जुळत होतं.
नीट बघितलं तर तिच्या हिशेबात
पिकअप विकून झाली होती.
ती ओळ खोडायला लावली.
मग जुळेना.
पुराच्या साली हिच्याच हौद्यातनं
चिखलीच्या दोन म्हशी, एक शिलाई मशीन
आणि कुणाचे तरी सासरे आणले होते मी.
ते कुठल्या रकान्यात टाकायचं,
पोरीला विचारलं नाही.

तरीही वायरमनला बोलावलं.
गल्लीकडच्या भिंतीला सोळा अँपियरचा सॉकेट,
वर पत्र्याची टोपी, टोपीला कुलूप.
त्याला दोन महिने झाले.
कोण विचारलं की सांगतो, रंगावर अडलंय.
समोरच्या मुजावरांचा अरबाज
अधनंमधनं किल्ली मागून नेतो,
मला पिकअप हातभर पुढं घ्यायला लावतो,
त्याची स्कूटर रात्रभर चार्ज करतो
आणि सकाळी खिडकीत वीस रुपये ठेवून जातो.
मी नको म्हणतो. तो ठेवतो.

परवा रिव्हर्स घेताना
हौद्याची कडी त्या टोपीला घासली.
फार नाही, जरासा पोचा.
उतरून बघितलं, अंगठ्यानं रंग पुसला.
आतनं तव्याचा वास येत होता.
डबा गाडीतच राहिला म्हणून परत फिरलो,
तर बोनेटखाली काहीतरी
अजून टिक टिक करत निवत होतं.